सगळं कसं हिरवंगार

परवा बंगळुरूहून भाचीचा फोन आला. प्रॉडक्ट मॅनेजर म्हणून नव्या कंपनीत लागून तिला दोन महिने झालेत, टीम मात्र दहा वर्षं जुनी. "मावशी, माणसं इतकी चांगली आहेत! कशालाच नाही म्हणत नाहीत."

मी विचारलं, "या दोन महिन्यांत काही बिघडलं का गं?"

"एकदा पेमेंट्स अडकली होती."

"तुला कुणी सांगितलं?"

ती जरा थांबली. "ग्राहकाने."

म्हणजे अजून पाहुणचारच चालू आहे. पाहुण्यासमोर घरातली भांडणं कुणी काढत नाही.

प्रॉडक्ट मॅनेजर या पदाची वंशावळ काढणारे १९३१ सालापर्यंत मागे जातात. प्रॉक्टर अँड गॅम्बलमध्ये कॅमे साबणाच्या जाहिरातींचं काम बघणाऱ्या नील मॅकलरॉय यांनी, एकेका ब्रँडची काळजी वाहणारा स्वतंत्र माणूस हवा, असं तीन पानी टिपण लिहिलं होतं. पुढे हे गृहस्थ अमेरिकेचे संरक्षणमंत्री झाले. तिथे त्यांचा हुकूम तरी चालत असावा. सॉफ्टवेअरमधल्या प्रॉडक्ट मॅनेजरच्या हाताखाली बहुधा कुणीच नसतं. जबाबदारी सगळी त्याची आणि कोड लिहिणाऱ्यांची पगारवाढ भलत्याच्याच हातात. टीम जेवढं सांगेल तेवढंच त्याला कळणार. म्हणून टीमचा विश्वास मी एकाच मापाने मोजते: वाईट बातमी किती लवकर येते.

मी हिंजवडीत पतसंस्थांच्या सॉफ्टवेअरवर प्रॉडक्ट मॅनेजर म्हणून रुजू झाले तेव्हा टीमला चौदा वर्षं झाली होती. पिग्मी एजंट दुकानोदुकानी फिरून पैसे गोळा करणार, संध्याकाळी शाखेत भरणा करणार आणि मग कारकून हाताने 'डे-एंड', म्हणजे त्या दिवसाचा हिशेब बंद, करणार. हाताने कशाला? तिसऱ्याच आठवड्यात मी रात्री आठला दिवस आपोआप बंद करायचं प्रेझेंटेशन दिलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. नंतर आमचे सगळ्यात जुने टेस्टर, ज्यांना अख्खा मजला काका म्हणे, कूलरपाशी हळूच म्हणाले, "मॅडम, हे एकदा करून झालंय."

बाजाराच्या दिवशी एजंट परतायला नऊ वाजतात. आठला दिवस बंद झाला की त्यांचा भरणा दुसऱ्या दिवसात पडायचा. पावतीवर एक तारीख, पासबुकात दुसरी, आणि ठेवीदार शाखेत भांडायला हजर. ते निस्तरण्यात काकांची एक दिवाळी गेली होती. यातलं काहीच कुठे लिहून ठेवलेलं नव्हतं.

"मग मीटिंगमध्ये का नाही बोललात?"

"आधीच्या सरांना एकदा सांगितलं होतं. ते म्हणाले, तुम्ही प्रत्येक गोष्टीत खोडा घालता."

पुढच्या मीटिंगमध्ये मी तो प्रस्ताव मागे घेतला आणि कुणामुळे घेतला तेही सांगितलं. त्यानंतर महिनाभर नवं काही सुचवलं नाही. एकेकाला गाठून, काय काय करून फसलंय एवढंच विचारत राहिले. दर शुक्रवारी टीम एक लांबलचक एक्सेल भरायची. ती वाचतं कोण, कुणालाच माहीत नव्हतं. दोन शुक्रवार मी ती वर पाठवलीच नाही. चौकशी झाली नाही. तिसऱ्या शुक्रवारी एक्सेल बंद. माझ्या कुठल्याही प्रेझेंटेशनपेक्षा या एका उद्योगाने मला टीमचा विश्वास जास्त मिळवून दिला.

जुन्या टीमचं सगळंच बरोबर असतं असं मुळीच नाही. 'पूर्वी करून पाहिलंय' हे आळसाचं पांघरूणही असतं. अशा वेळी तपशील विचारावा: कधी, कुठे, नेमकं काय झालं? काकांना शाखेचं नाव तोंडपाठ होतं.

वाईट बातमी उशिरा कळण्यातून बड्या साहेबांचीही सुटका नाही. २००६ मध्ये अ‍ॅलन मुलाली बोइंगमधून फोर्डमध्ये थेट मुख्याधिकारी म्हणून आले, मोटारधंद्याला अगदीच परके. दर आठवड्याच्या बैठकीत प्रत्येक खात्याने आपल्या कामाला हिरवा, पिवळा किंवा लाल रंग द्यायचा. कंपनी त्या वर्षी अब्जावधी डॉलर गमावत होती आणि तक्ते हिरवेगार! अखेर मार्क फील्ड्स यांनी एज या नव्या गाडीच्या अडचणीपुढे लाल रंग दाखवला. खोली चिडीचूप. आता यांचं काही खरं नाही, असंच बाकीच्यांना वाटलं. मुलालींनी टाळ्या वाजवल्या आणि यात मदत कोण करेल, असं विचारलं. बाकीच्या तक्त्यांवर लाल-पिवळा रंग चढायला मात्र त्यानंतरही वेळ लागला.

आमच्याकडे आठ महिने लागले. महिन्याच्या दोन तारखेला काका माझ्या टेबलापाशी आले आणि न बसताच म्हणाले, "मॅडम, पंधरा तारखेचं रिलीज विसरा. व्याजाच्या हिशेबात घोळ आहे." एरवी हे मला चौदाच्या रात्री कळलं असतं. मला इतका आनंद झाला की मी त्यांना खाली नेऊन चहा पाजला. विक्रीवाल्यांना फोन करायचं मात्र संध्याकाळपर्यंत टाळत राहिले.