न समजता दिलेली कबुली

ता. १८ मार्च १९२२ रोजी अहमदाबादेस महात्मा गांधींवर राजद्रोहाचा खटला चालला. आरोप वाचून होताच त्यांनी तो कबूल केला, आणि न्यायाधीश ब्रूमफील्ड यांनी त्यांस सहा वर्षांची शिक्षा फर्माविली. कबुली देणारा मनुष्य स्वतः बॅरिस्टर होता. आपण काय बोलतो व त्याचे फळ काय, हे तो पुरते जाणून होता. कबुली म्हणावी ती हिला! परंतु आमच्या फौजदारी कोर्टांतून रोज ज्या कबुल्या लिहिल्या जातात, त्यांपैकी किती ह्या जातीच्या असतात?

ज्याने कोर्टाच्या आवारात चार दिवस काढले आहेत, त्याला पुढील देखावा नवा नाही. एखाद्या दुकानदारावर खटला होतो. तीन तारखा पडतात, तितके दिवस दुकान बंद राहते. चौथ्या तारखेस वकीलसाहेब दुसऱ्या कोर्टाकडे धावता धावता अशिलास सांगतात, “कबूल करून टाका, दंड भरा, मोकळे व्हा.” दगडापेक्षा वीट मऊ असे समजून तो बिचारा मान डोलावतो. दंडाच्या पावतीबरोबर गुन्हेगारीचा डाग घरी आला, कित्येक कायद्यांत दुसऱ्या अपराधास अधिक जबर शिक्षा आहे, पुढे नोकरीच्या अर्जात हा डाग उघड करावा लागेल, ह्यांतले एक अक्षरही त्याला कोणी सांगितलेले नसते. फिर्यादीच्या पुराव्यात भले मोठे भगदाड असले, तरी कागद उघडलेच नाहीत तेथे ते दिसावे कोणाला?

पुढे डोळे उघडले तर वाट कोठे? १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने कबुलीवरून झालेल्या दोषसिद्धीविरुद्ध अपिलाचे दार लावून घेतले. सेशन्स कोर्टाच्या वा मॅजिस्ट्रेटच्या निकालावर शिक्षा किती व ती कायदेशीर की नाही, एवढ्यापुरतीच फट ठेवली. ता. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनेही तोच नियम कायम ठेवला. ज्याने आपण होऊन कबूल केले त्याला गाऱ्हाणे कसले, असा ह्यामागील तर्क आहे. तो चुकीचा नाही. परंतु कबूल करणाराने समजून कबूल केले, ह्या एका खांबावर तो उभा आहे. खांबच पोकळ निघाला, तर वरचे छप्पर कशाच्या आधारावर राहणार? हायकोर्टाकडे फेरतपासणी किंवा रिट मागण्याची वाट उरते. पण ती लांबची व खर्चाची, आणि अडाणी मनुष्यास ठाऊकही नसलेली.

आमची न्यायासने ह्या बाबतीत अगदीच उदासीन आहेत असे नव्हे. गुजरातेतील अन्नभेसळीच्या एका खटल्यात शिक्षेचा सौदा करून मिळविलेली कबुली सुप्रीम कोर्टाने १९८० साली फेटाळली. २०१९ साली मध्यप्रदेशातील एका फाशीच्या खटल्यात, वकील नेमला त्याच दिवशी आरोप ठेवले गेल्याचे पाहून त्याच कोर्टाने खटला पुन्हा चालविण्याचा हुकूम केला. वकील शेजारी उभा असणे म्हणजे वकिलाचे साहाय्य मिळणे नव्हे, हे तत्त्व येथे मान्य झाले. ते कबुलीलाही लावावे, एवढेच आमचे म्हणणे.

कोणी म्हणेल, असे केल्यास शिक्षा झालेला प्रत्येक जण वकिलाच्या माथी खापर फोडील. ह्या शंकेचे उत्तर अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने १९८५ सालीच दिले आहे. तेथे अर्जदारास दोन गोष्टी दाखवाव्या लागतात: वकिलाचा सल्ला धंद्याच्या साधारण इयत्तेसही उतरत नव्हता, आणि तो सल्ला नसता, तर आपण कबुली न देता खटला लढविला असता. नुसता पश्चात्ताप तेथे चालत नाही. २०१७ साली अशा एका अर्जाचा निकाल लागला. तेराव्या वर्षी कोरियातून गेलेल्या व मेंफिस शहरी उपाहारगृहे चालविणाऱ्या एका गृहस्थाने अमली पदार्थांचा गुन्हा कबूल केला होता. हद्दपारीच्या शक्यतेविषयी न्यायाधीशाने छेडले, तेव्हा तो गोंधळून वकिलाकडे वळला. वकील म्हणाला, ही ठराविक सूचना आहे. वास्तविक त्या गुन्ह्यास हद्दपारी अटळ होती! पुरावा बळकट असूनही कोर्टाने त्याच्या बाजूने निकाल दिला. कारण ज्याचे सर्वस्व त्या देशात, तो तुरुंगापेक्षा हद्दपारीला अधिक भिणार, हे उघड होते. ह्यामुळे अमेरिकेतील तुरुंग काही ओस पडले नाहीत.

मग येथे काय व्हावे? शिक्षेचा सौदा २००६ साली आमच्याकडे कायदेशीर झाला, तेव्हा आरोपी स्वेच्छेने आला आहे की नाही हे न्यायाधीशाने त्यास एकान्तात विचारावे, असे बंधन घातले गेले. तीच काळजी साध्या कबुलीच्या वेळी का नको? शिवाय नुसती स्वेच्छा पुरेशी नाही, समजही हवी. न्यायाधीशाने आरोपीच्या भाषेत परिणाम सांगावेत, वकिलाशी बोलावयास वेळ मिळाला काय ते विचारावे, आणि उत्तर त्याच्याच शब्दांत नोंदवावे. ह्यास दहा मिनिटे लागतील. एवढे करूनही सल्ला घातक ठरला, तर वरील दोन कसोट्यांवर अपिलाची मुभा असावी.

आमच्या व्यवसायबंधूंस हे कडू लागेल. परंतु वैद्याने नाडी न पाहता औषध दिले तर आपण त्यास दोष देतो. कागद न पाहता कबुली देवविणारास मात्र फी देतो. वाचकांसही एक सांगणे आहे. “कबूल” म्हणण्यापूर्वी वकिलास निर्भीडपणे विचारा: पुरावा काय आहे, आणि ह्या शब्दाची किंमत मला किती वर्षे मोजावी लागेल? जो वकील ह्या प्रश्नावर रागावेल, तो बदललेला बरा.