नानांच्या गाडीला 'निर्माता' नाही

मंडळी, पोस्ट लांब आहे आणि रागात लिहिली आहे, आधीच सांगतो.

परवा इथे इंदूरला एका मुंजीत होळकर महाराजांच्या गाड्यांचा विषय निघाला. आपली चार मराठी माणसं पंगतीला बसली की तो निघतोच. यशवंतराव होळकरांची ती केशरी-काळी डुसेनबर्ग! चेसिस-इंजिन अमेरिकेतलं, बॉडी लंडनच्या गर्नी नटिंगने महाराजांसाठी खास बांधलेली. सगळ्यांच्या छात्या फुगल्या. मी म्हटलं, आमच्या नानांनीही तेच केलं होतं. त्यावर एक सद्गृहस्थ हसून म्हणाले, "अहो, तो जुगाड होता!"

तर हा जुगाड काय होता ते ऐका. महूच्या लष्करी लिलावातून आणलेली १९५२ची विलीज जीपची चेसिस. त्यावर ॲम्बॅसडरचं इंजिन. आणि वर दोन माणसांची उघडी बॉडी, जिचा एकूण एक पत्रा नानांनी सागवानी साच्यावर लाकडी हातोड्याने ठोकून वळवला. १९७६ ला सुरुवात, १९७९ च्या दसऱ्याला पूजा. तीन वर्षं रोज रात्री ठकठक, आई वैतागायची. रंग अर्थात केशरी-काळा. मासिकातून कापलेला डुसेनबर्गचा फोटो गॅरेजच्या भिंतीवर शेवटपर्यंत होता.

नाना गेले, आता शेडही विकली आहे, महिन्याभरात रिकामी करायची आहे. इथे गाडी घेणारा एकच, भंगारवाला, तोही वजनावर. न्यू जर्सीला माझा पुतण्या आहे, त्याच्या शेजाऱ्याने फोटो पाहिले आणि म्हणाला, मी घेतो, चालवीन, सांभाळीन. किंमतही ठरली. मला वाटलं, काम झालं. खुळा मी!

पहिला अडथळा आपल्याच घरात. आरसी बुकात गाडी 'जीप, १९५२'. इंजिन बदललेलं नानांनी चढवून घेतलं होतं, बॉडीचं राहून गेलं. ही त्यांची चूक, लपवत नाही. पण आता ती सुधारायचीही सोय नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल मालकाने करायचा नाही. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच उचलून धरलं. मग व्हिंटेज म्हणून नोंदवावी म्हटलं. २०२१ चे नियम आले आहेत, पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी. त्यातली अट वाचा: चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नको. म्हणजे नानांनी जे केलं, नेमकं तेच नको.

आरसी तशीच ठेवून पाठवली तर? कागदावर जीप आणि कंटेनरमध्ये ही. माल आणि घोषणा जुळत नसेल तर १९६२ च्या सीमाशुल्क कायद्याच्या कलम ११३ खाली तो जप्त होऊ शकतो.

दुसरा अडथळा पलीकडे. अमेरिकेत पंचवीस वर्षांवरच्या गाडीला सुरक्षेच्या मानकांतून सूट आहे, त्याचा फॉर्म एचएस-७. धुराच्या नियमांतून एकवीस वर्षांवरच्या गाडीला सूट, त्याचा फॉर्म ३५२०-१. पण तिथे गाडी मूळ, न बदललेल्या स्थितीत लागते. आता सांगा, आमच्या गाडीची मूळ स्थिती कुठली? १९५२ची चेसिस की १९७९ची बॉडी? आणि निर्माता कोण? विलीज म्हणावं तर खोटं. नाना म्हणावं तर नाना म्हणजे कुठला कारखाना?

एका एजंटाने सल्ला दिला: "बॉडी वेगळी, इंजिन वेगळं, स्पेअर पार्ट म्हणून पाठवा, तिकडे जोडतील." दुसऱ्याने सांगितलं, सरळ जीपच दाखवा, कोण बघतंय. तिकडच्या यंत्रणा सुट्या करून आणलेल्या गाडीलाही गाडीच धरतात, हे पुतण्याने वाचलं होतं म्हणून वाचलो. पण माझा राग त्या एजंटांवर नाही. खरं सांगणाऱ्यासाठी रकानाच नसेल तर खोटं सांगायचं दुकान चालणारच.

कोणी म्हणेल, सुरक्षेचं काय? मान्य. घरी बांधलेली गाडी तपासल्याशिवाय रस्त्यावर येऊ नये, नानांची सुद्धा. मग तपासा ना! ब्रिटनमध्ये एकेक गाडी तपासायची पद्धत आहे. हौशी माणसाने बांधलेली गाडी केंद्रावर न्यायची. ब्रेक, दिवे, धूर बघतात. पास झाली की नोंदणी, आणि वय-ओळख ठरत नसेल तर 'क्यू' अक्षराची नंबर प्लेट. लबाडी करायची गरजच नाही. आपल्याकडे पुण्यात एआरएआय आहे, नगरला व्हीआरडीई आहे, गाड्या तपासण्यात दोन्ही मुरलेल्या. पण तिथला रस्ता कारखान्याच्या प्रोटोटाइपसाठी. एका माणसाने एकच बांधली तर त्याने जावं कुठे? मला सूट नको, परीक्षा हवी आहे. नापास झालो तर भंगारवाल्याला मीच फोन करीन.

आणि त्या मुंजीतल्या सद्गृहस्थांना एक. महाराजांची बॉडी दुसऱ्याने बांधली म्हणून त्या गाडीची किंमत वाढली. तिला कोचबिल्ट म्हणतात. नानांनी स्वतः बांधली, तर जुगाड? होळकरांच्या माणिकबाग महालात पुढे अबकारी आणि सीमाशुल्काचं ऑफिस आलं, हे तुम्हीच मोठ्या कौतुकाने सांगता. नाना त्यावरून जाताना म्हणायचे, आता इथून गाड्या निघत नाहीत, फायली निघतात.

काल रात्री पुतण्याचा फोन आला. "काका, फॉर्म भरतोय, निर्माता काय लिहू?"

मी म्हटलं, नानांचं पूर्ण नाव लिही, पत्ता छावनी, इंदूर.

"परत पाठवतील हो."

पाठवू देत. शेड रिकामी करायला अजून एकवीस दिवस आहेत. बडोदा, ग्वाल्हेर, बेळगाव, कुठेही कोणाकडे झाकलेलं शेड आणि दोन-तीन महिने जागा असेल तर कळवा. गाडी चालू आहे, बॅटरी नवी घातली आहे.