जंगल जाणणारी बाई दाराशीच

मुळशीतल्या एका गावात वनसंशोधनाची बैठक होती. वनस्पतीशास्त्रज्ञ, समाजशास्त्रज्ञ, परदेशी पाहुणे आले. गावातर्फे पुरुषच बोलले. कातकरी बायका दाराशी बसल्या. करांदा कधी खणायचा, राख घालून उकडून त्याचा कडूपणा कसा काढायचा, हे त्यांना ठाऊक. मीही त्यांना पुढे बोलावले नाही, ही माझी चूक.

१९९२च्या जैवविविधता कराराने स्त्रियांची भूमिका मान्य केली. पारंपरिक ज्ञान वापरताना ते जपणाऱ्यांची संमती आणि लाभात वाटा, हेही सांगितले. २००६च्या कायद्याखालच्या वनहक्क समितीत एक तृतीयांश स्त्रिया लागतात. मग संशोधनातच का नकोत?

मैत्रिणींनो, संशोधकांची गाडी गावात येण्याआधीच आपल्या अटी मांडूया: प्रश्न ठरवताना बायका हव्यात, बुडालेला रोज मिळावा, निष्कर्ष मराठीत गावात परत यावेत.