‘ग्रेनेड’ की ‘हातगोळा’?

वर्तमानपत्रांतील युद्धवार्ता वाचताना ‘ग्रेनेड’ हा शब्द आम्हां विद्यार्थ्यांच्या दृष्टीस वारंवार पडतो. शब्द सर्वांच्या तोंडी आहे. परंतु त्याचे मूळ एका फळात आहे, हे फारच थोड्यांस ठाऊक असेल. लॅटिन भाषेत ‘ग्रानुम’ म्हणजे दाणा व ‘ग्रानातुम’ म्हणजे दाणेदार. त्यावरून फ्रेंच भाषेत डाळिंबास ‘ग्रेनाद’ म्हणू लागले. पुढे १६ व्या शतकात, हाताने फेकावयाच्या स्फोटक गोळ्यासही तेच नाव मिळाले. आकार फळासारखाच वाटोळा. मात्र पोटात दाण्यांच्या जागी दारू!

१७ व्या शतकात हे गोळे फेकण्यासाठी युरोपातील सैन्यांत उंच व बळकट शिपाई निवडीत. तेच ‘ग्रेनेडियर’ होत. कालांतराने त्यांचे ते विशेष काम उरले नाही, तरी नाव टिकले. आपल्या भारतीय सैन्यातही ‘ग्रेनेडियर्स’ ही नामांकित पलटण आहे. १९६५ च्या युद्धात शत्रूचे रणगाडे उद्ध्वस्त करून मरणोत्तर परमवीरचक्राचे मानकरी ठरलेले अब्दुल हमीद याच पलटणीचे. पण त्यांचे शस्त्र होते जीपवरील रणगाडाविरोधी तोफ.

आता प्रश्न असा की, मराठीत लिहिताना आपण कोणता शब्द वापरावा? ‘ग्रेनेड’ जगभर समजतो, मग तो बदलावा कशाला, असे कोणी म्हणतील. परकीय शब्द नकोच, असा आमचाही हट्ट नाही. ‘बॉम्ब’ हा शब्द मराठीने केव्हाच आपलासा केला आहे. परंतु फ्रेंच मनुष्यास ‘ग्रेनाद’ म्हणताच डाळिंब आठवते. आम्हांस ‘ग्रेनेड’ म्हणताना काहीच दिसत नाही. उलट ‘हातगोळा’ हा शब्द ‘तोफगोळा’ या जुन्या शब्दाच्या पंक्तीत सहज बसतो, आणि शाळेचे तोंडही न पाहिलेल्या आजीबाईस समजतो.

शिवाय या शब्दात ‘हात’ आहे, हे आम्हांस अधिक महत्त्वाचे वाटते. ‘बाजारात ग्रेनेडचा स्फोट झाला’ असे वाचले, म्हणजे जणू वीज कोसळावी तसे ते आपोआप घडले, असा भास होतो. ‘हातगोळा’ म्हणताच तो कोणाच्या तरी हातून सुटला, याचे स्मरण राहते. सैन्याच्या ग्रंथांत ‘ग्रेनेड’ खुशाल राहो. आपल्या लेखनात मात्र ‘हातगोळा’ हाच शब्द रूढ करावा, अशी आमची विद्यार्थिबंधुभगिनींस विनंती आहे.