डायच्या पाकिटावरचं मराठी नक्की कुणासाठी?

लग्नसराई आली की श्रीगोंदा असो नाहीतर काष्टी, किराणा दुकानात केसांच्या डायची पाकिटं माळेसारखी लटकतात. घेणाऱ्यांत खुरपायला जाणारी मावशी असते, रिक्षावाला असतो, चाळिशी ओलांडलेले आम्हीही असतो. पाकीट उलटून कुणी वाचत नाही. वाचलं तरी कळेल असं तिथं काय असतं?

बहुतेक काळ्या डायमध्ये पॅरा-फिनिलीनडायअमीन म्हणजे पीपीडी असतं. ‘काळी मेहंदी’ म्हणून मिळणाऱ्या पावडरीतही बऱ्याचदा तेच. काहींना त्याची ॲलर्जी येते. डोकं खाजतं, फोड येतात, डोळे सुजून बंद होतात. ‘मी दहा वर्षं लावतोय, मला काय होत नाही’ असं छातीठोक सांगणाऱ्यांनी लक्षात घ्यावं, ही ॲलर्जी वापरता वापरताही जडते.

आपला कायदा यात झोपलेला नाही. अशा डायवर धोक्याची सूचना इंग्रजीत आणि स्थानिक भाषेत, आतल्या आणि बाहेरच्या दोन्ही लेबलांवर हवी, असं नियमच सांगतो. आधी चाचणी घ्या आणि पापण्या-भुवयांना लावू नका, आंधळेपण येऊ शकतं, इतकं स्पष्ट. आणि आपल्याकडं वाटीत उरलेला डाय जातो कुठं? मिशीला आणि भुवयांना!

आता ‘स्थानिक भाषा’ बघा. देवनागरी दिसली म्हणजे मराठी झाली असं नाही, ती हिंदीही असते. मराठी असलीच तर ‘प्रारंभिक परीक्षण’, ‘त्वचाप्रदाह’, ‘अतिसंवेदनशीलता’ अशा थाटाची, तीही मुंगीएवढ्या अक्षरात. भाषांतर झालं, पण ते वाचणारी बाई कुणाच्या डोळ्यासमोर होती?

भाषेसाठी हट्टी असलेल्या फ्रेंच लोकांनी यात एक शहाणपणा केलाय. फ्रान्समध्ये 1994 च्या कायद्यानं वस्तूची माहिती आणि वापराच्या सूचना फ्रेंचमध्ये देणं बंधनकारक आहे. पण घटकांची नावं मात्र आंतरराष्ट्रीय यादीतलीच ठेवतात, पाण्यालाही तिथं ‘ॲक्वा’ लिहितात. तिकडं कॅनडात इंग्रजी आणि फ्रेंच दोन्ही चालतात, म्हणून काही बाटल्यांवर एकट्या पाण्याची तीन नावं दिसतात: ॲक्वा, वॉटर, ओ.

आपणही पीपीडीला संस्कृत नाव शोधत बसू नये. तेच नाव डॉक्टरला सांगायचं असतं, ते देवनागरीत ठळक छापा म्हणजे झालं. खरं भाषांतर हवं ते सूचनेचं. मला विचाराल तर असं:

‘हा रंग काहींच्या अंगावर उठतो. आधी कानामागची जागा साबणानं धुऊन कालवलेला रंग थोडासा लावा, वाळू द्या. एक दिवस थांबा, मग धुवा. खाज, लाली, सूज आली तर डोक्याला लावू नका. भुवया-पापण्यांना कधीच लावू नका, डोळे जातील.’

यात एकही शब्द कोशात बघावा लागत नाही. भाषा संचालनालय 1960 पासून आहे, परिभाषा कोशांचं मोठं काम त्यांनी केलंय. त्यांनी आणि अन्न व औषध प्रशासनानं मिळून अशा पाच-सात ओळी पक्क्या करून कंपन्यांच्या हातात द्याव्यात. त्यासाठी समिती नेमायचीही गरज नाही, एक दुपार पुरे.

तोवर घरातलं पाकीट उलटून बघा. सूचना मराठीत नसेल, किंवा चष्मा लावूनही वाचता येत नसेल, तर फोटो काढून मला पाठवा. नगरच्या अन्न व औषध कार्यालयात अर्ज देणार आहे, सोबत जोडतो.