चारशे जणांच्या टाळ्या

सी. पी. एलिसला कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्णवर्चस्ववाद्यांच्या संघटनेची ओळख करून दिली ती त्याच्या वडिलांनी. अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायनातलं डरहॅम हे तंबाखूचं आणि कापडगिरण्यांचं शहर. वडील गिरणीत खपले, अकाली गेले. क्लॅन म्हणजे गोऱ्यांचा तारणहार, एवढी शिकवण मागे ठेवून गेले. पोरानं आठवीत शाळा सोडली. पुढे कर्ज काढून पेट्रोल पंप घेतला, सातही दिवस राबला, तरी हातातोंडाची गाठ पडेना. राग कोणावर काढायचा? देशावर काढावा तर तो डोळ्यांना दिसत नाही. पलीकडच्या वस्तीतला काळा माणूस दिसतो. क्लॅनची शपथ घेतली त्या रात्री चारशेएक माणसांनी या फाटक्या माणसासाठी टाळ्या वाजवल्या.

त्या टाळ्या माझ्या डोक्यातून जात नाहीत. वंशद्वेषाचा विषय निघाला की आपण अज्ञानाला दोष देतो, पुस्तकं सुचवतो. बापाची माया आणि चारचौघांतला मान यांच्यावर पुस्तकाची मात्रा कशी चालावी? त्या मानातही खोट होती, हे एलिसला नंतर कळलं. शहरातले प्रतिष्ठित लोक सभेला क्लॅनची माणसं आणायला त्याला रात्री फोन करत आणि दिवसा तो दिसला की रस्ता ओलांडून पलीकडे जात.

नुसत्या सहवासानंही भागत नाही. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या गोऱ्या घरांत काळ्या बायका पिढ्यान्‌पिढ्या रांधत होत्या, पोरं सांभाळत होत्या. (आपणही कामाच्या बाईंना ‘मावशी’ म्हणतो आणि त्यांचा कप वेगळा ठेवतो.) मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्टनं १९५४ मध्येच लिहून ठेवलं होतं : ओळखीनं पूर्वग्रह विरघळायचा तर बसायची जागा बरोबरीची हवी आणि काम दोघांच्याही गरजेचं.

डरहॅममध्ये १९७१ साली तसं जुळून आलं. शाळांतल्या वर्णभेदावर तोडगा काढायला दहा दिवसांची बैठक भरली. सहअध्यक्ष दोन. एक एलिस, तोवर क्लॅनचा स्थानिक म्होरक्या झालेला. दुसरी ॲन ॲटवॉटर, गरीब काळ्या वस्तीसाठी भांडणारी; एकदा तर भर सभेत ती त्याच्यावर चाकू घेऊन धावणार होती. दोघांना एकमेकांचं तोंड पाहवत नव्हतं. मग एकदा पोरांचा विषय निघाला. तिच्या मुलांना शाळेत हिणवलं जात होतं, आई क्लॅनवाल्याबरोबर बसते म्हणून. त्याच्या मुलांचीही तीच गत. दोघंही रडले. शेवटच्या रात्री एलिसनं सगळ्यांसमोर क्लॅनचं कार्ड फाडलं.

यावर २०१९ मध्ये सिनेमाही आला. मला मात्र कार्ड फाडल्यानंतरचा एलिस जास्त महत्त्वाचा वाटतो. टाळ्या वाजवणारे वैरी झाले, धमक्या आल्या, जुने दोस्त तुटले. वडिलांकडून मिळालेलं खोडायचं तर वडिलांच्या जगातून हद्दपार व्हावं लागतं, आणि तो झाला. पुढे ड्यूक विद्यापीठातल्या कामगारांनी त्याला संघटनेवर निवडून दिलं. सभासद बहुतेक काळे. २००५ साली तो वारला, तेव्हा अंत्यविधीला त्याच्याविषयी बोलायला ॲटवॉटर उभी राहिली.