लेझरचा किरण आणि मावळचा रुग्ण

मावळात ‘पित्त झाले’ म्हटले की आमसुलाचे पाणी घेऊन कामाची वाट धरायची, ही जुनी रीत. उजव्या बरगडीखालची कळ खड्याची असू शकते, हे अनेकांना कावीळ होईपर्यंत उमगत नाही. आणि मग पाय आधी गावठी औषधाकडे वळतात. पित्तनलिकेत खडा अडकून कळ, कावीळ आणि थंडीताप एकत्र आले, तर मात्र प्रश्न जिवाचा होतो. तेथे काढ्याने भागत नाही.

अशा रुग्णापुढे ‘लेझर’ हा शब्द जादूसारखा नाचवला जातो. त्याची मर्यादा लोकांना सांगितली पाहिजे. पित्ताशयातील खडे नुसते फोडून उपयोग नसतो. पित्ताशय तसेच राहिले की ते पुन्हा होऊ शकतात. म्हणून त्रास देणाऱ्या खड्यांवर दुर्बिणीद्वारे पित्ताशय काढणे हाच रूढ उपाय. मुळीच त्रास न देणाऱ्या खड्यांना बहुधा शस्त्रक्रियाही लागत नाही. लेझरचे खरे काम पित्तनलिकेत आहे. तोंडावाटे घातलेल्या दुर्बिणीतून जाळीने वा फुग्याने न निघणारा मोठा खडा बारीक तंतूतून आलेल्या किरणाने फोडता येतो. पोट उघडणे टळते.

ही विद्या धनिकांचीच, असे मानण्याचे कारण नाही. दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याची भारतातील पहिली शस्त्रक्रिया १९९० साली डॉ. तेहमटन उदवाडिया यांनी मुंबईच्या जे. जे. या सरकारी रुग्णालयातच केली. लेझर यंत्र महाग खरे. पण तेच यंत्र मूतखड्यांवरही चालते. जिल्ह्याच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात ते रोज वापरले गेले, तर दर रुग्णामागचा खर्च उतरतो. खासगी स्पर्धेत मात्र जो तो आपले यंत्र घेतो आणि त्याची किंमत मोजक्या रुग्णांच्या खिशातून वसूल करतो.

२०१२ साली सुरू झालेली आणि पुढे महात्मा फुल्यांच्या नावाने चाललेली जनआरोग्य योजना रुग्णालयाचे बिल भागवते. आंदर मावळातल्या बाईची सोनोग्राफी वेळेवर करीत नाही. विम्याने रोग्याला दाम मिळतो, दवाखाना मिळत नाही.

म्हणून मागणी क्रमाने हवी. वडगाव आणि लोणावळ्याच्या सरकारी दवाखान्यांत सोनोग्राफी नियमित होते काय, शल्यविशारद कोणत्या वारी येतात, काविळीच्या रुग्णाला पुण्याच्या ससूनपर्यंत गाडी मिळते काय, हे कार्यकर्त्यांनी जाऊन विचारावे आणि उत्तरे ग्रामसभेत वाचून दाखवावीत. निदान गावाजवळ आणि लेझर जिल्ह्याच्या सार्वजनिक रुग्णालयात, ही साखळी जुळली तरच विज्ञान कष्टकऱ्याचे होईल.